वॉशिंग्टनचा शिमगा

८ जुलै १९१० रोजी मार्सेयच्या बंदरात सावरकरांनी ज्या बोटीतून समुद्रात उडी घेतली, ती ‘मोरिया’ पी अँड ओ कंपनीची. पेनिन्सुलर अँड ओरिएंटल हे तिचं पूर्ण नाव. साहेबाला हिंदुस्थानात आणायचं, त्याचं टपाल पोचवायचं, बॅरिस्टर व्हायला निघालेल्या मुलांना मुंबईहून विलायतेला न्यायचं आणि तिकडे पकडलेला बंदिवान परत आणायचा, ही सगळी कामं तिने निमूटपणे केली. साम्राज्याची ही जुनी मोलकरीण २००६ च्या सुरुवातीला दुबईच्या डीपी वर्ल्डने ३.९ अब्ज पौंडांना विकत घेतली. सिंगापूरवाल्यांनीही बोली लावून पाहिली, पण ते मागे पडले. लंडनमध्ये कुणी सुतक पाळलं नाही. भागधारकांनी भाव पाहिला आणि माना डोलावल्या.

बोंब उठली ती अटलांटिकच्या पलीकडे.

पी अँड ओच्या गाठोड्यात न्यूयॉर्क-न्यूजर्सी, फिलाडेल्फिया, बाल्टिमोर, मायामी, न्यू ऑर्लिन्स अशा बंदरांमधल्या काही धक्क्यांचं कामही होतं. गाठोडं सोडताना ते दिसलं आणि वॉशिंग्टनला एकदम आठवलं, की दुबई म्हणजे अरबांची! तोवर इराकचं युद्ध तीन वर्षांचं होत आलं होतं. ज्या शस्त्रांसाठी ते सुरू झालं, ती सापडली नव्हती. ज्यांनी २००२ च्या ऑक्टोबरात या युद्धाला हात वर करून परवानगी दिली होती, त्या ७७ सेनेटरांना आणि २९६ प्रतिनिधींना मतदारसंघात फिरताना अवघड जात होतं. नोव्हेंबरात निवडणूक होती. इराकबद्दल बोलावं तर स्वतःचंच मत आडवं येतं, आणि न बोलावं तर मतदार आडवा येतो. अशा वेळी देवाने बंदर पाठवलं.

या शिमग्याची पहिली काडी पेटवली एका व्यापारी भांडणाने. मायामीतली एलर अँड कंपनी ही पी अँड ओची तिथली भागीदार. दुबईच्या हाताखाली भागीदारी नको, म्हणून तिने लंडनच्या कोर्टात धाव घेतली आणि वॉशिंग्टनमध्ये एक मध्यस्थ कामाला लावला. लंडनच्या कोर्टाने तिला परत पाठवलं. वॉशिंग्टनने मात्र पाट मांडून बसवलं. न्यूयॉर्कचे सेनेटर चक शूमर कॅमेऱ्यांसमोर उभे राहिले, आणि भागीदारीच्या कज्ज्याचं बघता बघता राष्ट्रीय सुरक्षेत रूपांतर झालं.

वास्तविक भाऊच्या धक्क्यावर मासळी उतरवणाराही सांगेल, की धक्का चालवणारा वेगळा, जकात घेणारा वेगळा आणि पहारा देणारा आणखी वेगळा. अमेरिकेतही तसंच आहे. पहारा तटरक्षक दलाचा, तपासणी कस्टम्सची, माल उतरवणारे गोदी कामगार अमेरिकन युनियनचे. दुबईकडे येणार होत्या त्या क्रेन, भाडेपट्टे आणि वेळापत्रकं. शिवाय अमेरिकेचे धक्के परक्यांनी चालवण्यात नवलही नव्हतं. डेन्मार्क, तैवान, जपान, सिंगापूर असे सगळेच तिथे होते. कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचला तर चीनच्या सरकारी कॉस्को कंपनीची भागीदारी होती. कम्युनिस्टाच्या क्रेनने उतरवलेला टीव्ही घरात सुखाने चालत होता.

भीती अगदीच निराधार होती, असं म्हणता येणार नाही. ११ सप्टेंबरच्या १९ हल्लेखोरांपैकी २ अमिरातीचे नागरिक होते, आणि तालिबानच्या सरकारला मान्यता देणाऱ्या ३ देशांत अमिरातीचं नाव होतं. पण हे २००१ पासून सगळ्यांना माहीत होतं. त्यानंतरच्या साडेचार वर्षांत अमेरिकन नौदलाच्या बोटी दुबईच्या जेबेल अली बंदरात इतक्या वेळा लागल्या, की अमेरिकेबाहेर त्या सर्वाधिक थांबतात ते बंदर म्हणून त्याची ख्याती झाली. विमानवाहू जहाजंसुद्धा तिथे धक्क्याला लागत. तो धक्का कोण चालवत होतं? डीपी वर्ल्ड. अबुधाबीजवळच्या अल धफ्रा तळावर अमेरिकन हवाई दलाचा मुक्काम होता तो वेगळाच. थोडक्यात, पाच हजार खलाशांनी भरलेलं विमानवाहू जहाज दुबईच्या हवाली करायला हरकत नव्हती. बाल्टिमोरला उतरणाऱ्या मालाच्या खोक्याला मात्र होती.

सर्वांत मजेदार फजिती झाली धाकट्या बुशसाहेबांची. चार वर्षं त्यांनी लोकांना रोज रात्री भुताची गोष्ट सांगितली होती. आता तेच म्हणू लागले, ‘बाळा, जरा अंधारात परसदारी जाऊन ये, तिथे काही नाही.’ बाळ कसलं जातंय! २१ फेब्रुवारीला त्यांनी जाहीर केलं, की हा सौदा रोखणारा कायदा आलाच तर आपण नकाराधिकार वापरू. पाच वर्षांच्या कारकिर्दीत तोवर त्यांनी तो एकदाही वापरला नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यांच्याच कार्यालयाने सांगितलं, की सौद्याला मंजुरी मिळेपर्यंत साहेबांना त्याची खबरच नव्हती. मंजुरी देणाऱ्या समितीत १२ खाती होती. त्यांपैकी संरक्षण खात्याचे मंत्री रम्सफेल्ड म्हणाले, मलाही आत्ताच कळलं. अर्थमंत्री स्नो यांचंही तेच. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, इतपत आपल्याकडेही चालतं. इथे जातंच आपोआप फिरत होतं.

त्याच २२ तारखेला इराकमध्ये सामर्‍याच्या अल-अस्करी मशिदीचा सोनेरी घुमट स्फोटात उडाला, आणि शिया-सुन्नींच्या कत्तलींना धरबंध उरला नाही. वॉशिंग्टनचे आमदार-खासदार त्या आठवड्यात बाल्टिमोरच्या क्रेनबद्दल बोलत होते. महिनाअखेरीस सीबीएसच्या पाहणीत १० पैकी ७ अमेरिकनांनी दुबईला नकार दिला. बुश यांच्या कारभारावर खूश असलेले ३४ टक्के उरले.

क्लिंटन कुटुंबाने या काळात एकाच घरात दोन चुली मांडून दाखवल्या. सेनेटर हिलरीबाई सौद्याच्या विरोधात, तर माजी राष्ट्राध्यक्ष बिलराव दुबईच्या माणसांना हे प्रकरण कसं हाताळावं याचा सल्ला देत होते. परक्या सरकारांच्या कंपन्यांना अमेरिकन बंदरांत शिरकाव नको, असं विधेयक हिलरीबाईंनी न्यूजर्सीचे सेनेटर रॉबर्ट मेनेंडेझ यांच्यासह पुढे आणलं. परक्या सरकारांपासून देशाला जपणारे हे मेनेंडेझ २०२४ मध्ये इजिप्तच्या सरकारसाठी काम केल्याबद्दल आणि लाच घेतल्याबद्दल दोषी ठरले. लाचेत सोन्याच्या लगडी होत्या. निदान त्या बंदरातून आल्या नव्हत्या.

८ मार्चला प्रतिनिधिगृहाच्या खर्च समितीने ६२ विरुद्ध २ मतांनी सौदा रोखण्याची तरतूद मंजूर केली. ती जोडली कशाला? इराक-अफगाणिस्तान युद्धासाठी आणि कतरिना वादळाच्या मदतीसाठी मागितलेल्या सुमारे ९२ अब्ज डॉलरच्या विधेयकाला. म्हणजे ज्या युद्धाच्या बोटी दुबईत विसावत होत्या, त्याच युद्धाच्या पैशांच्या कागदावर दुबईला दार बंद. आणि कतरिनाग्रस्तांसाठी अमिरातीने स्वतः १० कोटी डॉलर दिले होते. ते कुणी परत केले नाहीत.

दुसऱ्याच दिवशी, होळीच्या आधीच, दुबईने जाहीर केलं: अमेरिकेतले धक्के आम्ही सोडतो. ना मोर्चा, ना पुतळादहन. उंट त्यांच्याकडे, पण उंटावरून शेळ्या हाकण्याची हौस सगळी वॉशिंग्टनला. त्याच गाठोड्यातून न्हावा शेवाचं कंटेनर टर्मिनलही दुबईकडे आलं होतं. उरणकरांच्या डोळ्यांसमोरचे कंटेनर आणि ट्रेलरांच्या रांगा आधीही तशाच होत्या, नंतरही तशाच राहिल्या.

अमेरिकेतले धक्के मग एआयजी या अस्सल अमेरिकन विमा कंपनीच्या गुंतवणूक शाखेने घेतले. देश सुरक्षित झाला. सप्टेंबर २००८ मध्ये ही कंपनी बुडायला निघाली, तेव्हा सरकारने ८५ अब्ज डॉलरची दोरी टाकून जवळपास ८० टक्के मालकी हातात घेतली. अरबांच्या सरकारी कंपनीच्या तावडीतून सोडवलेला धंदा शेवटी एका सरकारच्याच पदरात येऊन पडला.

देशप्रेमाची ही तऱ्हा वॉशिंग्टनला नवी नव्हती. २००३ मध्ये फ्रान्सने युद्धाला साथ दिली नाही, म्हणून संसदेच्या कँटीनमधल्या ‘फ्रेंच फ्राईज’चं ‘फ्रीडम फ्राईज’ असं बारसं झालं होतं. बारसं करणाऱ्या दोघांपैकी वॉल्टर जोन्स पुढे युद्धाचे विरोधक झाले. दुसरे, बॉब ने, भ्रष्टाचाराच्या प्रकरणात तुरुंगात गेले. २००६ मध्ये बटाटे गुपचूप पुन्हा फ्रेंच झाले.

दुबईला दार बंद झालं, पण दुबईचं दार उघडंच होतं. मार्च २००७ मध्ये हॅलिबर्टनने जाहीर केलं, की आमचे मुख्य अधिकारी डेव्हिड लेसर आता दुबईत बसतील आणि मुख्यालयही तिथे थाटलं जाईल. हॅलिबर्टन म्हणजे उपाध्यक्ष डिक चेनी यांची जुनी कंपनी, इराकच्या युद्धात सैन्याच्या जेवणापासून इंधनापर्यंत सगळ्याचं कंत्राट घेणारी. दुबईने अमेरिकेत येऊन धंदा केला तर धोका. युद्धावर कमावणाऱ्या अमेरिकनाने दुबईत जाऊन बसलं तर ते व्यवसायाचं धोरण! हिलरीबाई यावरही रागावल्या. पण या वेळी ६२ विरुद्ध २ काही झालं नाही.

मे २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प अबुधाबीला गेले. पुढच्या १० वर्षांत अमेरिकेत १.४ लाख कोटी डॉलर गुंतवण्याचं वचन अमिरातीने आधीच दिलं होतं. त्याच महिन्याच्या सुरुवातीला ट्रम्प कुटुंबाशी निगडित कंपनीच्या डिजिटल नाण्यातून अबुधाबीच्या सरकारी पाठबळाची कंपनी २ अब्ज डॉलरचा व्यवहार करणार असल्याचं जाहीर झालं होतं. काही डेमोक्रॅट सेनेटरांनी पत्रं लिहिली. पाहुण्यांना भेट म्हणून यजमानांनी तेलाचा एक थेंब दिला, छानशा पेटीत. जगातलं सर्वांत उत्तम तेल, आणि दिला एकच थेंब, असं म्हणून ट्रम्प यांनी लटकी तक्रार केली.