सोयाबीनचा सूट

हेन्री फोर्ड म्हटलं की आपल्याला मोटार आठवते. पण आमच्या सोयाबीनच्या अहमदपूरचा जावई शोभावा, इतका हा गृहस्थ सोयाबीनवेडा होता. १९४१ मध्ये त्याने सोयाबीनच्या धाग्याचा सूट अंगात चढवला आणि छायाचित्रंही काढून घेतली. त्यात मेंढीची लोकर मिसळलेली होती, ही गोष्ट वेगळी.

कृती तशी सोपी. सोयाबीनचं तेल काढून घ्यायचं, उरलेल्या पेंडीतली प्रथिनं वेगळी करायची, त्यांचा दाट पाक करायचा आणि सोऱ्यातून शेव पाडावी तसा तो बारीक छिद्रांतून आम्लात सोडायचा. झाला धागा तयार. आमच्याकडच्या तेलगिरण्यांतली पेंड कोंबड्या खातात. आपण कोट गिळतो आहोत, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

फोर्डच्या धाग्यात एक खोट होती. भिजला की तो दम सोडायचा. अर्थात मोटारीच्या मालकाला पावसाची काय फिकीर!

पुढे फॅशनवाल्यांनी तर पावसाचा विचारच सोडला. पाको राबान यांनी १९६६ मध्ये पॅरिसला धातू आणि प्लॅस्टिकच्या चकत्यांचे बारा पोशाख मांडले आणि नावातच सांगून टाकलं की हे घालता येण्याजोगे नाहीत. एवढा प्रामाणिकपणा आमच्या कापडबाजारातही नाही. २०२२ मध्ये बॅलेन्सियागाने कचऱ्याच्या पिशवीसारखी दिसणारी चामड्याची पिशवी काढली. किंमत १,७९० डॉलर, म्हणजे साधारण एक लाख चाळीस हजार रुपये. त्या वर्षीच्या ४,३०० रुपये हमीभावाने बत्तीस क्विंटल सोयाबीन झालं. ते भरायला पन्नास किलोची चौसष्ट पोती लागतात. चौसष्ट पोती मोंढ्यात रिकामी करायची आणि घरी एक पिशवी आणायची, तीही कचऱ्याची!

आमच्याकडे पोत्याचं वस्त्र फुकटात होतं. युरियाचं पोतं घ्यायचं. त्याच्या तोंडाची शिवण नेमक्या टोकाने ओढली तर सर्रकन उसवते, चुकीचं टोक धरलं तर दात लावायची पाळी येते. तो दोरा कुणी फेकत नाही. मग पोतं उलटं करून तळाचा एक कोपरा दुसऱ्यात खुपसायचा. डोक्यावर टोपरं, पाठीवर झूल, झाली खोळ! पाठीवर ठळक अक्षरांत ‘४६ टक्के नायट्रोजन’. २०१८ पासून हे पोतं पन्नासाऐवजी पंचेचाळीस किलोचं झालं; शिंपी त्याला ‘स्लिम फिट’ म्हणेल. २०२२ पासून तर अनुदानाच्या सगळ्या खतांवर ‘भारत’ हे एकच नाव आलं. पॅरिसमध्ये घराण्याघराण्याचा शिक्का वेगळा. इथे पावसात बांधावरून निघालेली अख्खी आळी एकाच घराण्याची.

या खोळीचं कौतुक कुठल्या मासिकात येत नाही. तिची परीक्षा पाऊस घेतो, आणि तो कुणाची ओळखपाळख ठेवत नाही.

उद्या कुणी फोर्डचा सूट अहमदपुरात आणलाच, तर मी हौसेने घालीन. फक्त तो घालून पावसाळ्यात सरकारी खरेदी केंद्रावर जाणार नाही. तिथे बारा टक्क्यांच्या वर ओलावा निघाला, की माल परत पाठवतात.