धूर कोणाच्या नावावर?

जयगडात गाडीचं वय कळायला आरसी बुक लागत नाही. पायाखालचा मॅट उचलावा, पत्र्याच्या भोकातून रस्ता दिसतो. खारा वारा आरटीओच्या आधीच निकाल देतो. पंधरा वर्षं भरली की पुनर्नोंदणी, वर पर्यावरण कर. म्हणून मुंबईचा भाचा सांगतो, "मामा, ही काढा आता, हायब्रिड घ्या."

हायब्रिड ब्रेक मारताना वाया जाणारी ताकद बॅटरीत साठवते. तिची खरी बचत तुंबलेल्या रहदारीत. म्हणजे पैसे वसूल करायचे तर आधी जयगडात अंधेरी आणायला हवी. बंदराचे ट्रक त्यासाठी मनापासून झटतायत, पण अजून पुरतं जमलेलं नाही.

"मग विजेवरची घ्या, धूरच नाही." नाही कसा? गावाच्या उशाशी १२०० मेगावॉटचं कोळशाचं वीजकेंद्र आहे! पण जीएसटीला चिमणी दिसत नाही, सायलेन्सर तेवढा दिसतो. विजेच्या गाडीवर ५ टक्के, चार मीटरपेक्षा लांब हायब्रिडवर २०२५च्या सप्टेंबरपासून ४०.

मामांना हा न्याय पटलाय. तवसाळच्या फेरीबोटीवर ते इंजिन बंद करतात, हँडब्रेक ओढतात आणि थेंबभर पेट्रोल न जाळता खाडी ओलांडतात. डिझेल जळतं ते बोटीचं. तेवढ्या अंतरापुरती पर्यावरण करात सूट मिळावी, असा अर्ज त्यांनी लिहायला घेतलाय.