नंबररावांस अनावृत पत्र

राजमान्य राजेश्री नंबरराव, वस्ती दवाखान्याची वही, मौजे शेळगाव, तालुके इंदापूर, यांचे सेवेसी:

साष्टांग नमस्कार विनंती विशेष. आपली प्राप्ती व्हावी म्हणून प्रस्तुत अर्जदाराने आज सकाळी सातच्या ठोक्याला कंपाउंडरसाहेबांस फोन लावला, तो लागला नाही. पुन्हा लावला, तो कोणा लहान मुलाने उचलून ‘पप्पा आंघोळीला गेलेत’ असे वर्तमान दिले. आणि अखेरीस पुतण्यास मोटरसायकलीवर पिटाळून वहीच्या तेविसाव्या ओळीत आपली नोंद करवून घेतली, तेव्हा निम्म्या दुखण्यास तत्क्षणी उतार पडल्याचा भास झाला. पूर्वी वही नव्हती आणि फोनही नव्हता. दवाखान्याच्या पायरीशी चपलांची रांग लावून मालकाने लिंबाच्या सावलीत बसावे आणि चपलेने त्याची वहिवाट राखावी, असा शिरस्ता होता. त्या गर्दीत एखाद्याची चप्पल बदलली जाई, पण नंबर बदलत नसे.

आता आपल्या राज्यात इनामदार फार माजले आहेत. ‘नुसता रिपोर्ट दाखवायचाय’ एवढ्या सनदेवर आत शिरून सबंध घराण्याची प्रकृती तपासून घेणारे. ‘लांबनं आलोय, एसटी चुकंल’ म्हणून कळवळणारे आणि मग बाहेर येऊन निवांत चहा पिणारे. गळ्यात टाय आणि हातात काळी बॅग असे औषध कंपनीचे प्रतिनिधी, ज्यांना दुखणे नसूनही पहिला मान मिळतो. या सर्वांची मोजदाद करावयास दुसरी वही घालावी लागेल. तरीही आपल्या सत्तेस कोठे बाध नाही. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरचे पैसे माफ झाले. आपण माफ झाला नाहीत. २०२० च्या टाळेबंदीत ई-संजीवनीची ओपीडी सुरू होऊन घरबसल्या फोनच्या पडद्यावर डॉक्टर दिसू लागला, तेथेही आधी टोकन, म्हणजे आपलेच एक धाकटे बंधू. विलायतेत १९४८ पासून सरकारी खर्चाने उपचार होतात, आणि तिकडील गोरी मंडळी सकाळी आठाच्या ठोक्याला एकदम फोनवर तुटून पडतात म्हणे. शेळगाव त्यांच्यापेक्षा एक तास पुढे आहे, हे आम्ही अभिमानाने नमूद करतो.

परंतु महाराज, आज आपल्याविरुद्ध तक्रार नाही. तक्रार आहे ती आपणांस मिळवून आम्ही काय करतो याची. २०१७ साली काही संशोधकांनी ६७ देशांतील जुने अभ्यास एकत्र करून, डॉक्टर एका रोग्यास किती वेळ देतो याचा हिशेब मांडला होता: स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटे, बांगलादेशात ४८ सेकंद, आणि आपल्याकडे सुमारे दोन मिनिटे. तीन तास बाकावर बसून जी दोन मिनिटे पदरात पडतात, त्यांतले पहिले मिनिट ‘काय होतंय?’ या प्रश्नास ‘आता तुमीच बगा की’ हे उत्तर देण्यात खर्ची पडते. कधीपासून होते? ‘धाकट्या सुनंच्या बाळंतपणापासनं.’ कोणत्या गोळ्या चालू आहेत? ‘ती पांढरी. बारकी.’ साखर तपासण्यास उपाशीपोटी या असे बजावलेले गृहस्थ दोन कप चहा पिऊन येतात, कारण चहा म्हणजे काही जेवण नव्हे. जुना केसपेपर घरी गव्हाच्या डब्याखाली असतो, आणि एका नंबरावर पेशंट एक, ही अट आम्हांस दारातच विसरायला होते.

याच्या मुळाशी मूर्खपणा नाही, भक्ती आहे. तुकोबांची पालखी दरवर्षी या मुलखातून पंढरपुरास जाते, आणि दर्शनबारीत रात्र काढून विठोबाच्या पायांवर क्षणभर डोके टेकवावयाचे, काही एक बोलावयाचे नाही, ही आमची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. देव न सांगता जाणतो. नाडी हाती धरताच कालचे जेवण सांगणाऱ्या वैद्यांच्या दंतकथाही आम्ही लहानपणी ऐकलेल्या. तेव्हा ज्यास दुखणे सांगावे लागते तो डॉक्टर कसला, अशी आमची अंतःकरणपूर्वक समजूत आहे, आणि डॉक्टरने चार प्रश्न अधिक विचारले तर त्याच्या विद्येविषयी गावात शंका निघते.

आणि हाच माणूस पाण्याच्या बाबतीत पाहावा! १८८५ च्या सुमारास वाहू लागलेल्या नीरा डाव्या कालव्याने या टापूस दुसरे काही शिकवले नसेल, पाळीचा वापर शिकवला. आवर्तन सुटणार अशी कुणकुण लागताच सात नंबरचा अर्ज (आपल्याच कुळातील थोर पुरुष) कचेरीत दाखल. पाटकऱ्याची मनधरणी चालू. चारी उकरून, दंड साफ करून, बारे बांधून तयार. पाळी रात्री दोनची असली तरी बॅटरी आणि खोरे उशाशी. पाणी बांधावर आल्यावर सरी पाडावयास घेणारा इसम येथे वेडा ठरेल. त्याच इसमाची दवाखान्यातील पाळी येते तेव्हा मात्र दंड उकरलेला नसतो. दुखणे कोठून सुरू झाले आणि कोठे निघाले याचा माग आत शिरल्यावर काढावयाचा, आणि तो लागेपर्यंत पाळी पुढच्याची झालेली.

अर्जदार स्वतः या दोषापासून मुक्त नाही. मागील खेपेस डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, खोकल्याचे औषध लिहिले, पुढच्या रोग्यास हाक गेली, आणि दाराच्या कडीवर हात ठेवल्यावर आम्हांस मुख्य तक्रार आठवली. डॉक्टर म्हणाले, ‘ते आता पुढच्या वेळी.’ त्यांचा राग आला नाही असे म्हणणे खोटे ठरेल. पण राग उसाच्या सरीएवढा लांब पुरला नाही. म्हणून या खेपेस पक्की तजवीज केली: संपलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटे रुमालात बांधली, जुने कागद पिशवीत घातले, सदऱ्याची बाही सैल निवडली, आणि तक्रारी तारीखवार लिहून काढण्यास मुलाच्या वहीतील एक पान फाडून आणले, मोठी तक्रार आरंभी, किरकोळ नंतर, आणि शेवटी काय विचारावयाचे ते.

ते पान म्हणजेच हे पत्र. बाकावर बसल्या बसल्या आपली आठवण अनावर झाली, आणि पाहता पाहता दोन्ही बाजू भरल्या. बाविसावे आत गेले आहेत. कंपाउंडरसाहेब वहीवर बोट ठेवून आमच्याकडे पाहत आहेत. बहुत काय लिहिणे, लोभ असावा ही विनंती.

आपला आज्ञाधारक,
क्रमांक तेवीस

ता. क. — चारीचा चढ चढताना छातीत धरल्यासारखे होते आणि डावा हात भरून येतो, ते वर लिहावयाचे राहिले.