न झुकणाऱ्या गाडीची चाकं

गो-कार्ट बनवताना इंजिनासाठी कुणाचं अडत नाही. १९५६ साली कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्सनं पहिली गो-कार्ट बनवली, तेव्हा त्याला गवत कापायच्या यंत्राचं इंजिन पुरलं. आमच्या भाच्याला शिरूरच्या भंगारात मोपेडचं मिळालं. घरून विरोधही नव्हता. सांगलीकडच्या देवराष्ट्र्याच्या दत्तात्रय लोहारांनी किक मारून सुरू होणारी जीप बनवली आणि २०२२ च्या जानेवारीत महिंद्रांनी त्या बदल्यात त्यांना बोलेरो दिली, हे ताईनं टीव्हीवर पाहिलं होतं. तेव्हापासून ती पोराला "अभ्यास झाला का?" विचारत नाही, "कुठवर आलं?" विचारते.

घोडं अडलं चाकांपाशी. खऱ्या कार्टचा टायर बुटका आणि रुंद असतो. रिम पाच इंची, मागचा टायर अकरा इंच उंच, सात इंच रुंद. शिरूरच्या टायरवाल्यानं मापं दोनदा ऐकली. "ट्रकचा देतो, ट्रॅक्टरचा देतो. ह्या मापाची गाडी अजून शिरूरला आली नाही."

भाचा सायकलच्या चाकांवर आला. ती घरातच होती, धाकट्या बहिणीची. पण कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्यानं डोकं वर न करता निकाल दिला. "सायकल वळताना झुकती, म्हणून वजन चाकाच्या रेषेत राहतं. तुमची गाडी झुकणार हाय का? नाही. मग सगळा रेटा आडवा येणार. पहिल्याच वळणाला तारा तुटून चाकाचा आठाचा आकडा होतोय. दौंडला जावा. जंक्शन हाय, तिथं सगळं मिळतं."

शिरूरहून दौंडला जायचं तर न्हावरा, भीमेवरचा पारगावचा पूल, केडगाव-चौफुला, पाटस असा रस्ता. दोन्ही बाजूंना ऊस, आणि उसामागे बिबट्या असणारच या खात्रीनं खिडकीतून पाहणारी माणसं. भाच्याच्या मांडीवर नमुन्यादाखल स्कूटरचा जुना टायर होता. कंडक्टरनं त्यावरून बोट फिरवलं. नक्षी कधीच झिजून गेली होती, नुसता गोटा. "हा पंच्याहत्तरीच्या पुढचा दिसतोय. ह्याला मोफत. तुमची दोन फुल्ल काढा." मागच्या सीटवरच्या मावशी म्हणाल्या, "आणि बाईमाणूस असता तर अर्धं."

टायर मांडीवर घेतलेला माणूस दिसला की एसटीत सल्ले सुरू होतात. एक जण बैलगाडा शर्यतीतला होता. २०२३ च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टानं शर्यतींवर कायमचं शिक्कामोर्तब केलं, त्यामुळे त्याच्या बोलण्यात कायद्याचं वजन होतं. "चाक मोठं घ्या, घाटात गाडा सुटला पाहिजे." न्हावऱ्याला चढलेल्या आजोबांनी दुजोरा दिला. उसाच्या गाडीची लोखंडी धाव जाऊन रबरी टायर आला तेव्हा बैलाचा जीव वाचला, म्हणून टायर जितका मोठा तितकं पुण्य जास्त. भाच्यानं तिकिटामागे हिशेब मांडला. अकरा इंची टायर एका फेऱ्यात ८८ सेंटिमीटर जातो, सोळा इंची १२८. आख मिनिटाला हजार फेरे घेत असेल तर ताशी ५३ किलोमीटर आणि ७७. "पण तेवढी ओढ कमी होणार, मामा. मोपेडचं इंजिन ७७ फक्त या तिकिटावरच ओढेल."

मनमाडकडून पुण्याला जाणाऱ्या गाड्यांचं इंजिन वर्षानुवर्षं दौंडात काढून दुसऱ्या टोकाला जोडलं जायचं. ज्या गावानं पिढ्यान्‌पिढ्या तोंड फिरवण्याचंच काम केलं, तिथे वळणाबद्दल मत नसलेला माणूस शोधून सापडणार नाही. स्टेशनाबाहेरच्या चहाच्या टपरीवर रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका भेटले.

"मागची दोन्ही चाकं एकाच आखाला घट्ट?"

"हो."

"डिफरन्शियल?"

"नाही."

"मग ही आमचीच गाडी." त्यांनी बशी सरकवून जागा केली. "रेल्वेचं चाक निमुळतं असतं. वळणावर चाकांची जोडी बाहेर सरकते, बाहेरचं चाक जाड भागावर चालतं, आतलं बारीक भागावर. बाहेरच्याला लांबचा पल्ला, तो आपोआप भरून निघतो."

"म्हणजे आम्हीही निमुळते टायर घ्यायचे?"

"शिरूरला रूळ टाकणार असाल तर घ्या."

भाच्यानं मग कार्टची युक्ती सांगितली. पुढच्या चाकांचे खुंटे तिरके आणि सांगाडा जरा लवचीक ठेवायचा, म्हणजे वळताना मागचं आतलं चाक जमिनीवरून किंचित उचललं जातं आणि गाडी वळते. काकांचा कप हातातच राहिला. "चाक उचललं जातं? आमच्याकडे त्याची चौकशी बसते!"

काकांनीच भंगारवाल्याची वाट दाखवली, आणि तिथे रिक्षा उभी होती. मला हे आधी सुचायला हरकत नव्हती असं भाच्याचं मत, पण त्यालाही सुचलं नव्हतंच. ४.००-८ चा टायर, म्हणजे चार इंच रुंद, आठ इंची रिम. रिक्षाही वळताना झुकत नाही, निदान रिक्षावाल्याची तशी इच्छा नसते. स्कूटरच्या टायरची पाठ गोल असते, कारण स्कूटरला झुकायचं असतं. हा त्यापेक्षा सपाट बसतो. उंची सोळा इंचांच्या आसपास, तेव्हा मागची दातेरी चकती मोठी घालून ओढ परत मिळवायची. आणि याची ट्यूब कुठल्याही गावात मिळते.

"तीन चाकांचे अमुक," भंगारवाल्यानं आकडा सांगितला. वाजवी होता.

"आम्हाला चार लागतात."

"रिक्षाला तीनच असतात, भाऊ."

"आणि ती मागची?"

"ती स्टेपनी. तिचा भाव वेगळा." त्यानं सांगितलेला भाव तिन्ही चाकांच्या मिळून भावापेक्षा थोडा जास्त होता.