अण्णा झाकणकर

अण्णांचं खरं आडनाव सोसायटीच्या पाटीवर आहे. ते तिथंच राहू दे. पोरांनी ठेवलेलं 'झाकणकर' हेच आता कोथरूडच्या आमच्या गल्लीत चालतं, आणि ज्यानं त्यांचं घर पाहिलंय तो त्यात चूक काढणार नाही. फ्रिजला कव्हर, मिक्सरला कव्हर, वॉशिंग मशिनला कव्हर, सिलिंडरला झालरीचा फ्रॉक. रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवीला रबरबँड, आणि ते सगळं टीव्हीच्या कव्हरखाली. सातच्या बातम्या पाहायच्या तर पावणेसातला वस्त्रहरण सुरू करावं लागतं.

वस्तू असावी पण दिसू नये, हे अण्णांचं तत्त्वज्ञान. वीज हवी, डीपी नको. पाणी हवं, पंप नको. कचरा रोज जावा, पण घंटागाडी आपल्या गेटासमोर थांबू नये. तसं हे आपल्या सगळ्यांनाच वाटतं. फरक एवढाच की अण्णा सोसायटीचे सेक्रेटरी आहेत. दुसरं कुणी व्हायला तयार नाही, म्हणून वर्षानुवर्षं तेच आहेत.

मुलाकडे टोरांटोला गेलेली माणसं नायगराचे फोटो घेऊन येतात. अण्णा परक्यांच्या घरांचे घेऊन आले. "नायगरा काय, पाणीच आहे. हे बघा," म्हणत त्यांनी मोबाइल पुढे केला. दुमजली विटांचं घर, उतरतं छप्पर, दारापुढे नीट कापलेली हिरवळ.

"कोण राहतं?" मी विचारलं.

"ट्रान्सफॉर्मर."

मग तासभर सुटका नव्हती. लांबून वीज आणायची ती उच्च दाबानं आणि वस्तीत आल्यावर दाब उतरवायचा; म्हणजे उपकेंद्र माणसांच्या शेजारीच बांधावं लागतं. मग ते शेजाऱ्यासारखंच का दिसू नये, असा विचार करून टोरांटोच्या वीजखात्यानं विसाव्या शतकात २५० हून अधिक उपकेंद्रं घरांच्या रूपात बांधली. ज्या गल्लीत जशी घरं, तसं उपकेंद्र. ग्लेनग्रोव्हचं १९३१चं उपकेंद्र तर थेट गॉथिक थाटाचं, एखाद्या सरदाराची गढी शोभेल असं. "बेल वाजवून खात्री करणार होतो," अण्णा म्हणाले, "पण सूनबाईंनी हात धरला."

तेव्हापासून अण्णांचा व्यासंग वाढला. सकाळी कट्ट्यावर कुणी गुडघेदुखी काढली की अण्णा लंडन काढतात. लेन्स्टर गार्डन्समधली २३ आणि २४ क्रमांकाची घरं म्हणजे नुसता दर्शनी भाग. मागे घरच नाही. १८६०च्या दशकात तिथून भुयारी रेल्वे नेली. इंजिनं वाफेची, त्यांना धूर आणि वाफ सोडायला मधूनमधून उघडी जागा लागे. त्यासाठी दोन घरं पाडली, आणि रांगेतलं खिंडार दिसू नये म्हणून पुढे खोट्या खिडक्यांची भिंत उभारली. १९३०च्या दशकात एका ठकसेनानं याच पत्त्यावरच्या नृत्यसमारंभाची तिकिटं विकली आणि मंडळी सूटबूट घालून भिंतीशी ताटकळली, असंही सांगतात. हे सांगताना अण्णांच्या चेहऱ्यावर त्या मंडळींबद्दल सहानुभूती अजिबात नसते. भिंत उत्तम होती, एवढंच ते म्हणतात. अमेरिकेत डेन्व्हरला १९९२मध्ये मोबाइलचा टॉवर पाइन वृक्षाच्या वेषात उभा राहिला, हे एकदा घरी ऐकवून ते पुढे म्हणाले, "आपल्याकडे माड करता येईल." काकूंनी आतून विचारलं, "आणि नारळ?"

पहिला प्रयोग गेटाजवळच्या डीपीवर व्हायचा होता. अण्णांनी बंगलीचा नकाशासुद्धा काढला होता, तुळशीवृंदावनासकट. वायरमननं तो उलटसुलट पाहिला आणि परत दिला. "काका, आत तेल असतंय. तापतंय ते. वारा लागतो त्याला. आणि कवटीची पाटी झाकली, तर उद्या पोरं आत लपाछपी खेळतील." अण्णांना समोरच्या कंपाउंडच्या भिंतीवर वारली नाच रंगवून समाधान मानावं लागलं.

पण गच्ची त्यांच्या हातात होती.

ए विंगच्या गच्चीवर एका मोबाइल कंपनीचे खांब होते, भाडं येत होतं, आणि सोसायटीचं डोकं दुखत होतं. कुणाला झोप लागत नव्हती, कुणाच्या चिमण्या गेल्या होत्या, एका वहिनींचं तर डोशाचं पीठ फुगत नव्हतं. भारतातली टॉवरच्या रेडिओलहरींची मर्यादा १ सप्टेंबर २०१२पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली आहे, हा कागद अण्णांनी नोटीस बोर्डावर लावला. कागदानं एकाचंही डोकं थांबलं नाही. शेवटी कराराच्या नूतनीकरणाच्या वेळी अण्णांनी कंपनीच्या माणसाला बाजूला घेतलं. रेडिओलहरी पत्र्यातून जात नाहीत, पण फायबरग्लासमधून आरपार जातात. एका रविवारी खांब गेले आणि पाच काळ्या टाक्यांशेजारी सहावी काळी टाकी उभी राहिली. तसंच झाकण, तशाच गोल वळ्या.

सोमवारी जिन्यात आनंदीआनंद. "टॉवर हटवला!" म्हणून पेढे वाटले गेले. अण्णांनी पेढा घेतला, खाल्ला, बोलले काही नाहीत. आठवड्याभरात डोकी थांबली, झोपा लागल्या, डोशाचं पीठ पातेल्याबाहेर आलं. मोबाइलला रेंज पूर्वीइतकीच भरपूर होती, याचं नवल कुणालाच वाटलं नाही. वार्षिक हिशेबात 'टॉवरचे भाडे' हा शब्द जाऊन 'इतर उत्पन्न' आलं. तेही कव्हरच.

पहिली अडचण टाक्या धुणाऱ्यांनी आणली. त्यांनी खालूनच मोजून सहा टाक्यांचं कोटेशन दिलं. पाचच धुवा म्हणावं, तर सहावीचं काय, हा प्रश्न. अण्णांनी सहांचे पैसे दिले.

दुसरी अडचण उन्हाळ्यात आली. पाणीकपात सुरू झाली आणि सर्वसाधारण सभेत बी विंगचे वकीलसाहेब उठले. "ए विंगच्या गच्चीवर सहावी टाकी बसली. तिचं पाणी एकट्या ए विंगला. ठराव कधी झाला?" अण्णा उभे राहिले. खरं सांगावं तर पन्नास डोकी जागच्या जागी ठणकणार. न सांगावं तर पाणीचोरीचा आरोप. अण्णांनी घसा साफ केला. "ती टाकी राखीव आहे." कशासाठी? "आपत्कालीन." आपत्ती आत्ताच आहे, असं बी विंगचं म्हणणं पडलं. सहाव्या टाकीतून बी विंगला पाइप टाकण्याचा ठराव एकमतानं मंजूर झाला. सेक्रेटरी या नात्यानं तो अण्णांनाच लिहावा लागला: 'प्लंबरचे कोटेशन मागवावे.' ते अजून मागवतायत.

त्यांना धीर द्यावा म्हणून मी मुंबईतलं उदाहरण काढलं. मलबार हिलचं हँगिंग गार्डन म्हणजे शहराला पाणी पुरवणाऱ्या जलाशयाच्या डोक्यावरची बाग, १८८०च्या दशकापासूनची. माझगावची जोसेफ बाप्टिस्टा बागही अशीच भंडारवाडा जलाशयावर आहे. लोक टाकीच्या छपरावर भेळ खातात, पोरं पळतात, खाली पाणी साठतं. हँगिंग गार्डनखालचा जलाशय नव्यानं बांधायचा प्रस्ताव आला, तेव्हा २०२३मध्ये बागेसाठी आणि झाडांसाठी रहिवाशांनी विरोध केला.

अण्णांचे डोळे चमकले. "म्हणजे लोक झाकणासाठी भांडले? मग मी वेगळं काय सांगतोय?"

वेगळं आहे, अण्णा. मलबार हिलला झाकणाचा लोकांना उपयोग होतो आणि खाली काय आहे हे महापालिका लपवत नाही. तुमच्या झाकणाखाली फक्त भाडं आहे. नजरेआड ठेवायला हरकत नाही. हिशेबाआड ठेवलं की सेक्रेटरीला कोरडी टाकी धुऊन घ्यावी लागते.

वाचकहो, आज गच्चीवर जाऊन टाक्या मोजा. एखादी जास्त भरली, तर तिचं पाणी मागू नका. पुढच्या सभेत 'इतर उत्पन्न' तेवढं विचारा. आणि डोकं दुखायला लागलं, तर आधी आठवून बघा, काल दुखत होतं का.