नसलेल्या डोंगराचा फेरफार

पृथ्वीतलावरील कोणत्याही महसुली दप्तरात ज्याची मोजणी सापडणार नाही, असा ‘ट्रायल माउंटन’ नावाचा डोंगर १९९७ साली ‘ग्रान तुरिस्मो’ या मोटारशर्यतीच्या जपानी व्हिडिओ-खेळात उभा राहिला, आणि त्याच्या बोगद्यांतून रात्र रात्र मोटारी हाकणाऱ्या रसिकांचा त्यावर असा काही वहिवाटीचा हक्क प्रस्थापित झाला की, २०१७च्या ‘स्पोर्ट’ आवृत्तीत तो बेपत्ता होताच कित्येकांनी वडिलार्जित जमीन गेल्यासारखा विलाप आरंभिला. २०२२मध्ये सातव्या भागात तो परतला खरा. परंतु मागची सरळ वाट लांबवलेली पाहून, मूळ स्थळाचे पावित्र्य भंगल्याची कैफियत तत्काळ गुदरली गेली. (त्याच खेळातले न्यूर्बुर्गरिंग हे शर्यतीचे मैदान प्रत्यक्षात जर्मनीत आहे, पण तेथे पेट्रोल लागते, आणि आपटल्यास हाडेही मोडतात.)