ॲप्रेंटिस सिस्टर

भोसरी, मोशी, चिखली, तळवडे या भागात एखाद्या घरातला मुलगा आयटीआयतून फिटर होऊन बाहेर पडला की शेजारपाजारचे विचारतात, "लागला का कुठं?" त्याच घरातली मुलगी नर्सिंगला गेली की विचारतात, "किती भरले?" दोन्ही प्रश्न आपुलकीचेच आणि दोन्हींच्या उत्तरानंतर मिळणारा चहाही सारखाच. फरक एवढाच की पहिल्या प्रश्नात पैसे घरात येत असतात आणि दुसऱ्यात उंबऱ्याबाहेर जात असतात. माझं म्हणणं असं की दुसरा प्रश्नसुद्धा "लागली का कुठं?" असाच असायला हवा. शिकाऊ माणूस कामाला हात लावतो म्हणून त्याच्या हातावर काहीतरी ठेवायचं असतं, हे ज्या पट्ट्यात पोराटोरांनाही कळतं, त्याच पट्ट्यात शिकाऊ नर्सनं मात्र कामही करायचं आणि वर पैसेही मोजायचे, हा हिशेब जुळत नाही. मी करुणेबद्दल बोलत नाहीये. करुणेवर बोलायला व्याख्यानमाला आहेत. इथं प्रश्न निव्वळ वजाबाकीचा आहे.

आधी भावाकडे बघू. चाकणच्या कंपनीत ॲप्रेंटिस म्हणून लागलेला पोरगा पहिले दोन-तीन महिने नेमकं काय करतो, हे तो घरी कधीच नीट सांगत नाही. कारण तो बिन उचलतो, बोल्ट मोजतो, मशीन पुसतो आणि पिवळ्या पट्टीच्या आत उभं कसं राहायचं ते शिकतो. तरीही १९६१ चा ॲप्रेंटिस कायदा त्याच्या पाठीशी उभा असतो. २०१९ च्या दुरुस्त नियमांनी त्याचं किमान विद्यावेतन शिक्षणाप्रमाणे महिना ५ ते ९ हजारांच्या पायऱ्यांवर बसवलं. त्यात बारावी झालेल्याची पायरी ७ हजारांची. शिवाय पायात सेफ्टी शूज, दुपारी कँटीनचं ताट आणि बऱ्याच कंपन्यांत न्यायला-आणायला बस. पोरगा अजून एक नट धड आवळत नसेल, पण घरच्यांच्या तोंडी तो "आमचा महिंद्रात आहे" किंवा "बजाजमध्ये आहे" असाच असतो.

आता बहिणीकडे वळू. बीएस्सी नर्सिंगची सीईटी १०० गुणांची. त्यात भौतिकशास्त्राचे २०, रसायनाचे २०, जीवशास्त्राचे २०, इंग्रजीचे २० आणि उरलेले २० नर्सिंगच्या कलचाचणीचे. रात्री तीन वाजता बेल वाजल्यावर चेहऱ्यावर कोणते भाव येतात, हे ही चाचणी तपासत नाही. ते पुढं वॉर्ड तपासतो. परीक्षेनंतर कागद सुरू होतात. शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास, उत्पन्न, जात, जात वैधता, नॉन-क्रिमीलेअर, मधे एक वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. चाकणचं घर असेल तर तालुका खेड, म्हणजे तहसीलसाठी राजगुरुनगर गाठायचं. आणि राजगुरुनगरला जाऊन आल्यावर कळतं की रेशनकार्डावर आडनावाची वेलांटी दुसरी आहे. या फेऱ्यांत बाप रजा टाकतो, आई झेरॉक्सवाल्याला नावानं ओळखू लागते आणि मुलगी 'ट्रू कॉपी' हा शब्द आयुष्यभरासाठी शिकते. पण माझा रोख कागदांच्या संख्येवर नाही, त्यांच्या जातकुळीवर आहे. वय किमान १७ पूर्ण हवं, डॉक्टरांकडून तब्येत ठणठणीत असल्याचं प्रमाणपत्र हवं. इतिहास शिकायला कोणी रक्तदाब तपासून घेत नाही, मराठी वाङ्मयाला छातीचा एक्स-रे लागत नाही. अंगमेहनतीच्या कामावर माणूस घेताना जी खातरजमा करतात, ती इथं केली जाते. म्हणजे दारातून आत घेताना ती कामगार आणि काउंटरवर पैसे भरताना विद्यार्थिनी.

पुढं क्लिनिकल पोस्टिंग. पिंपरीच्या संत तुकारामनगरला ७५० खाटांचं वायसीएम, म्हणजे महापालिकेचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, आणि जवळच डी. वाय. पाटील. असे मोठे वॉर्ड सकाळी कसे जागे होतात ते बघण्यासारखं असतं. पांढऱ्या किंवा फिक्या रंगाच्या गणवेशातल्या मुली ट्यूटरच्या मागून रांगेत येतात. खिशात दोन रंगांची पेनं, छोटी कात्री आणि सेकंदकाटा असलेलं घड्याळ. पहिलं काम बेड मेकिंग. चादर गादीखाली खोचताना पायथ्याच्या कोपऱ्याला पाकिटासारखी तिरकी घडी बसली पाहिजे. ती बसली नाही तर इन्चार्ज सिस्टर काही बोलत नाहीत, फक्त चादर उपसून काढतात. मग टीपीआर (ताप, नाडी, श्वास), बीपी, इनटेक-आउटपुट, स्पंजिंग, ड्रेसिंगला हात. एका खाटेवर चाकणच्या प्रेसमध्ये बोट सापडलेला कामगार असतो. तो वेदनेनं कळवळतानाही विचारतो, "ताई, तुमची शिफ्ट कधी सुटते?" शिफ्टचं दुःख त्याला ठाऊक असतं. ताईचीही शिफ्टच आहे हे त्याला दिसतं. वॉर्डच्या हजेरीपटाला मात्र दिसत नाही, कारण कागदोपत्री ती मनुष्यबळात धरलेलीच नसते. तरी विद्यार्थिनींची परीक्षेची सुट्टी लागली की वॉर्डात मावशींपासून सिस्टरपर्यंत सगळे एकच वाक्य म्हणतात, "पोरी नाहीत ना आज!" जी माणसं मोजलेलीच नव्हती ती कमी पडतात, हे गणित फक्त दवाखान्यात सुटतं.

सगळ्यात करुण वस्तू म्हणजे प्रोसिजर बुक. केलेल्या प्रत्येक कामासमोर सही लागते. काम दहा मिनिटांचं, सही मिळवायला दोन दिवस. ज्या सिस्टरसमोर इंजेक्शन दिलं त्या नाइटला गेलेल्या, नाइटवरच्या रजेवर गेलेल्या, आणि रजेवरून आल्यावर त्या म्हणणार, "माझ्यासमोर दिलंस का?" कारखान्यात एका नटावर तीन जणांच्या सह्या असतात अशी चेष्टा होते, पण तिथं निदान नट सही गोळा करत फिरत नाही. शिवाय नर्सिंग परिषदेच्या नियमानं संलग्न रुग्णालय साधारण १५ ते ३० किलोमीटरच्या आत असावं लागतं. नियम करणाऱ्यांनी अंतर किलोमीटरमध्ये मोजलं, यातच ते संध्याकाळी सहाला चाकणच्या तळेगाव चौकात कधी अडकले नसावेत हे कळतं. पुणे-नाशिक रस्त्यावर अंतर तासात मोजतात. मनोरुग्ण विभागाची पोस्टिंग येरवड्याला लागली तर चाकणची मुलगी पोहोचेपर्यंत सहनशीलतेचं अर्धं प्रात्यक्षिक बसमध्येच पूर्ण करते.

आता माझ्या बाजूचा हुकमी पत्ता. बीएस्सी नर्सिंगच्या सुधारित अभ्यासक्रमात शेवटचं, म्हणजे आठवं सत्र इंटर्नशिपचं. २२ आठवडे, आठवड्याला ४८ तास, एकूण १०५६ तास. आणि १९४८ च्या कारखाने कायद्यानं प्रौढ कामगाराच्या आठवड्याच्या तासांना कमाल मर्यादा घातली तीही ४८ चीच. म्हणजे मोशीच्या भावाला कायदा ज्या रेषेपलीकडे सहजासहजी नेऊ देत नाही, नेमक्या त्याच रेषेवर बहिणीला अभ्यासक्रमानं नेऊन उभं केलं आहे. हजेरीचंही तसंच. थिअरीला ८० टक्के चालते. प्रात्यक्षिकाची मात्र पदवी हातात पडण्याआधी शंभर टक्के भरून द्यावी लागते. शंभर टक्के हजेरी परमनंट कामगाराचीही नसते, म्हणून तर कंपन्या हजेरीला वेगळा बोनस देतात. बारावीच्या ॲप्रेंटिसच्या २०१९ च्या दरानं या २२ आठवड्यांचे जवळपास ३५ हजार होतात. बहुतेक खासगी महाविद्यालयांत त्या सत्राची पावती निघते, फक्त ती उलट्या दिशेनं फाडलेली असते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला : अहो, ती विद्यार्थिनी आहे, कामगार नाही, शिकायला आली आहे. अगदी मान्य. पण ॲप्रेंटिस कायद्याचं १८ वं कलम वाचावं. ते म्हणतं की ॲप्रेंटिस हा शिकाऊच आहे, कामगार नव्हे. आणि त्याच कायद्याचं १३ वं कलम म्हणतं की त्याला विद्यावेतन द्या. म्हणजे शिकतो 'तरी' द्यायचं असं नाही, शिकतो 'म्हणून' द्यायचं. शब्दातच विद्या आहे. त्याच रुग्णालयात एमबीबीएस झालेला इंटर्न फिरतो, तोही शिकायलाच आलेला, त्यालाही सही मिळत नाही, त्याचाही कोपरा बसत नाही (खरं तर त्याला कोणी चादर घालायलाच सांगत नाही), पण त्याच्या विद्यावेतनासाठी नियम आहे आणि ते वाढावं म्हणून संपसुद्धा होतो. शिकणं एकाच वॉर्डात एका खांद्यावर मोबदला आणि दुसऱ्या खांद्यावर खर्च कसं होतं, हे मला कोणी समजावून सांगावं.

दुसरा आक्षेप जरा वजनदार आहे. शिकाऊ मुलगी कामाला उशीर लावते, तिच्यामागे सिस्टरचा वेळ जातो, चुकीची जोखीम असते. मग फायदा कोणाला? पहिल्या वर्षापुरतं हे खरं आहे आणि मी ते नाकारणार नाही. पहिल्या वर्षाची मुलगी बीपी मोजते तेव्हा रुग्णाचा दंड सुन्न होतो आणि आकडा तिसऱ्यांदाही वेगळा येतो. म्हणून मी पहिल्या दिवसापासून पगार मागत नाही. माझी मागणी शेवटच्या सत्रावर थांबते, जिथं ती पूर्ण शिफ्ट उचलते. बाकी, जोखमीचं म्हणाल तर ॲप्रेंटिसच्या हातून मोडलेल्या टूलची किंमतही कंपनी सोसतेच.

तिसरा आक्षेप आला की माणूस आवाज खाली आणतो : ही सेवा आहे हो, सेवेला मोल नसतं. असं म्हणणाऱ्यांनी दिवा घेतलेल्या बाईंचं नाव घेण्याआधी त्यांची वही बघावी. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या निधीतून लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात १८६० मध्ये शाळा निघाली, तेव्हा शिकाऊ नर्सेसना राहणं, जेवण, गणवेश आणि वर वर्षाला १० पौंड मिळत. बाई संख्याशास्त्राच्या पक्क्या होत्या, भाबड्या नव्हत्या. आपण नर्सिंगच्या लॅम्प लायटिंग समारंभात त्यांचा दिवा तेवढा उचलला आणि १० पौंड टेबलावरच विसरलो.

चौथा आक्षेप चाकणमध्ये फार चालतो : पुढं जर्मनीला जाईल, वसूल होईल सगळं. हा आक्षेप घेणाऱ्याचा मी आभारी आहे, कारण जर्मनीत नर्सिंग शिकणाऱ्याला शिकतानाच महिन्याला हजार युरोंच्या वर मिळतात आणि २०२० पासून लागू झालेल्या कायद्यानं तिथं शाळेची फीसुद्धा बंद केली. महाराष्ट्रानं २०२४ मध्ये बाडेन-व्युर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी करार केला, त्यातल्या मनुष्यबळात नर्सही आहेत. इकडं चाकणला फोक्सवॅगन आणि मर्सिडीज वर्षानुवर्षं उभ्या आहेत. काही दिवस वर्ग, काही दिवस मशीन आणि महिनाअखेर विद्यावेतन ही जर्मन रीत इथल्या पोरांना तोंडपाठ झाली. जर्मनीतून आपण मशीनची बाजू आणली आणि माणसाची बाजू तिकडंच ठेवून नर्सेस पाठवायला लागलो.

उरला पैशाचा प्रश्न : रुग्णालयं कुठून देणार? यावर शासनाकडे बोट दाखवलं जातं, आणि शासनानं काहीच केलं नाही असं म्हणता येत नाही. २०२४ पासून वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या इतर मागास, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल घरांतल्या मुलींचं शिक्षण व परीक्षा शुल्क केंद्रीभूत प्रवेशात माफ आहे. चांगलं आहे. पण फी न घेणं म्हणजे पैसे देणं नव्हे. ॲप्रेंटिसला कोणी "तुझ्याकडून मशीनचं भाडं घेत नाही, खूश राहा" असं सांगत नाही. खरी नजर इथल्या उद्योगांकडे वळायला हवी. या पट्ट्याची उद्योगगाथा स्कूटरनं सुरू झाली असं लोक समजतात. त्याच्या आधी १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली आणि पुढं इथं पेनिसिलिन बनू लागलं. पाचशेच्या वर कामगार असले तर ॲम्ब्युलन्स रूम आणि तिथं नर्स, हेही कारखाने कायद्यानंच सांगितलं. म्हणजे इंजेक्शन इथलं, सापडलेलं बोट इथलं, ड्रेसिंग करणारी मुलगीही इथलीच. एवढ्या जवळच्या नात्यात कंपनीनं तिच्या विद्यावेतनाला हातभार लावावा ही मागणी फार उद्धट नसावी.

तसं बघितलं तर उद्योग आजही तो हातभार लावतोच, हेही नमूद करायला हवं. मोशीच्या घरात महिनाअखेरीस भावाच्या खात्यावर विद्यावेतनाचा मेसेज येतो. त्यातून बसचा पास, गणवेशाचं कापड, पांढरे बूट आणि हॉस्टेलच्या मेसचा हप्ता निघतो. श्रावणी पौर्णिमेला बहीण नाइट ड्यूटी करून येते, डोळे चोळत राखी बांधते, आणि भाऊ ताटात पाकीट ठेवतो. पाकिटावर कंपनीचं नाव नसतं, एवढंच.